समोरची खिडकी

सोनारांच्या दुकानांतला केर आणायचा, त्यातलं सोनं पाऱ्याने ओढून घ्यायचं आणि मग पारा शेगडीवर उडवायचा, हे आमचं घरातलंच काम. सोन्याचा कण वाऱ्यावर जाऊ नये म्हणून खिडकी कायम बंद.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या सुजलेल्या पायावर बोट दाबलं. खळगा तसाच राहिला.

“पाऱ्याच्या वाफेने किडनी खराब झालीय. रक्तातली प्रथिनं लघवीवाटे चाललीत. हे काम बंद करा.”

“मग खायचं काय?” ह्यांनी विचारलं.

“निदान खिडकी तरी उघडा.”

घरी आल्यावर ह्यांनी गंजलेली कडी ठोकून काढली. सतरा वर्षांत पहिल्यांदाच खोलीत वारा आला. शेगडीवर पाऱ्याची कढई चढली. मी खिडकीशी बसून छाती भरून श्वास घेतला.

बोळ जेमतेम हातभर रुंद. समोरच्याच खिडकीत शेजारच्या सगुणाने पाळणा टांगला होता. बाळ पाय झाडत होतं.

“बरं झालं उघडलीत, वहिनी,” ती हसून म्हणाली. “याला वाऱ्याशिवाय झोप येत नाही.”

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते खाली मान घालून शेगडी फुंकत होते.

मी खिडकी लावून घेतली.