गप्प पेटी

"ही शेड वगळा," प्रधानसाहेब म्हणाले आणि त्यांनी नकाशावरच्या कंप्रेसर शेडवर पेन्सिलीनं फुली मारली. "तिकडून पावसाळाभर हूं नाही की चूं नाही. बाकीच्या शेडी आहे त्याच कॉम्प्युटरवर मावतील. मोठा मागवायची गरजच नाही."

शकूला मनातून बरंच वाटलं. खालापूरजवळच्या त्या कारखान्यात प्रत्येक शेडमध्ये तिनं स्वतः एकेक पेटी बसवली होती. यंत्र आतून तापलं किंवा वीज गेली, की पेटी वाजायची आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर निरोप यायचा. कॉम्प्युटर लहान. फार निरोप एकदम आले की बिचारा जागच्या जागी अडून बसायचा. म्हणून अठ्ठ्याऐंशी सालच्या सबंध पावसाळ्यात तिनं बघितलं, कुठून किती निरोप येतात आणि त्यासाठी केवढा कॉम्प्युटर लागेल. त्यात सगळ्यात गुणी निघाली कंप्रेसरची शेड. तिथले जुने ऑपरेटर नामा म्हणजे शकूचे वडील. लेक मुंबईहून कॉम्प्युटरचं शिकून आली आणि त्यांच्याच कारखान्यात लागली, तेव्हा नामा बरंही बोलले नव्हते आणि वाईटही नाही. कर्जतहून दोघं कंपनीच्या एकाच गाडीनं यायचे, ते खिडकीबाहेर बघत.

साहेबांनी नकाशाखाली सहीसाठी पेन पुढे केलं. शकूनं ते घेतलं आणि तिचा हात थांबला.

मागच्याच आठवड्यात वीज गेली होती. बॅटरीवरच्या साऱ्या पेट्या एकाच वेळी बोंबलल्या होत्या. कंप्रेसर शेडची मात्र तेव्हाही गप्प होती. वीज गेल्यावरही जी वाजत नाही, ती पेटी गुणी कसली?

"सर, मी जाऊन बघून येते."

"अहो, मुंबईच्या हेड ऑफिसचा फोन यायचाय. आज त्यांना कळवायचंय."

"मग त्यांना थांबायला सांगा. बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

साहेबांचं तोंड आंबट झालं. शकू तोवर जिना उतरून गेलीसुद्धा.

शेडमध्ये कंप्रेसर धडधडत होता. शेजारी नामा उभे होते आणि फिटर हिरामण तंबाखू मळत होता. शकू थेट पेटीच्या मागे गेली. तार काढलेली होती. नुसती काढलेली नाही, नीट गुंडाळून सुतळीनं बांधलेली. अशी गुंडाळी कोण करतो हे तिला विचारावं लागलं नाही. घरातली प्रत्येक दोरी अशीच बांधलेली असायची.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लेकीनं आपल्या यंत्रावर नजर ठेवावी, हे यांना सोसलं नाही तर. तिनं वडिलांकडे बघितलं. त्यांनी मान फिरवली.

तिनं सुतळी सोडली आणि तार जोडली. पेटी लगेच वाजायला लागली.

हिरामण हसला. शेडमधल्या साऱ्यांची सवय एकच होती. शंका आली की यंत्राच्या अंगावर तळहात ठेवायचा. त्यानं ठेवला. "ताई, थंडगार हाय. ही पेटी उगीच बोंबलते. तुमी पन हात लावून बघा."

"वरून काय कळणार? आतलं बघायचंय. कंप्रेसर बंद करा."

कुणी हललं नाही. कंप्रेसरची दाबाची हवा थांबली की अर्धा कारखाना थांबतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"ऐकू आलं ना? बंद करा. काय होईल ते मी बघते."

नामांनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं. मग स्वतः पुढे होऊन त्यांनी खटका खाली ओढला.

झाकण उघडलं आणि हिरामणचा हसरा चेहरा उतरला. आतलं बेअरिंग जळून निळंकाळं पडलं होतं. जाड लोखंडाबाहेर ती धग हाताला लागणं शक्यच नव्हतं. अजून थोडं चाललं असतं, तर कंप्रेसर फुटला असता. आणि त्याच्या शेजारी रोज तिचे वडील उभे असायचे.

हवा बंद झाली म्हणून प्रधानसाहेब धावतपळत आले. त्यांनी बेअरिंग बघितलं आणि मग खाली पडलेली सुतळी बघितली.

"तार कुणी काढली होती?"

हिरामण पायाकडे बघू लागला. दिवाळीनंतर नामा निवृत्त होणार होते. इतक्या वर्षांत त्यांना कुणी एका शब्दानं बोललं नव्हतं. ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण पेटी गप्प राहिली म्हणून तर ही वेळ आली होती.

"माझ्या वडिलांनी," ती म्हणाली. "आणि ही शेड वगळायची नाही, सर. सगळ्यात आधी हीच जोडायची. कॉम्प्युटर मोठाच मागवायला लागेल."

साहेब नामांकडे वळले. "काय हो, लेक नजर ठेवते याचा एवढा राग?"

नामांनी हात पुसले.

"राग नाय, सायेब. पावसाच्या आदी पेटी वाजली का ही पोरं हात ठेवून बघायची नि हसायची. नामाची पोर खोटी, तिची पेटी खोटी, असं बोलायची. हाताला थंड तर मला पन लागायचं. काय बोलनार? पन माझ्यानं ता ऐकवंना."