बोयानची पाणपोई

पाहुणीने चमचाभर चेरीचा मुरंबा खाल्ला, चमचा ताटलीत ठेवला आणि शेजारच्या पाण्याच्या ग्लासला हातच लावला नाही.

स्तानोयकाचा चेहरा उतरला. दारी आलेल्या माणसाने आधी गोड खायचं आणि वर पाणी प्यायचं, एवढं तर इथल्या लहान मुलालाही कळतं. त्यात हे पाणी बोयानच्या पाणपोईचं. बोयान तिचा एकुलता एक मुलगा. तिशीही न गाठता मूत्राशयाच्या कॅन्सरने गेला. मग बापाने, मिलिसावने, फाटकासमोर रस्त्याच्या कडेला त्याच्या नावाची दगडी पाणपोई बांधली आणि दगडात त्याचा फोटो बसवला. येणारा-जाणारा टोपी काढायचा, ‘देव त्याच्या आत्म्याला शांती देवो’ म्हणायचा आणि मगच ओंजळ पुढे करायचा. ते एक वाक्य ऐकण्यासाठी मिलिसाव दिवसभर समोरच्या बाकावर बसून असे. त्याच्या जगण्यात दुसरं काही उरलं नव्हतं.

“का गं पोरी, आमचं पाणी चालत नाही तुला?” तो म्हणाला. “तुमच्या शहरातलं औषधाच्या वासाचं बरं गोड लागतं!”

पोरीचं नाव दुन्या. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतून आली होती. मागे एकदा येऊन पाण्याचा नमुना घेऊन गेली होती.

“रागावू नका, काका. ह्या पाण्यात आर्सेनिक निघालंय. भरपूर. हे आता कुणीही प्यायचं नाही. मी पाटी लावायला आलेय.”

स्तानोयकाने कपाळाला हात लावला. मिलिसाव मात्र ताडकन उठला. कित्येक वर्षांत त्याचा चेहरा इतका उजळला नव्हता.

“ऐकलंस, म्हातारे? विष! मी बोंबलून सांगत होतो तेव्हा हसत होते सगळे!”

नव्याण्णव सालच्या युद्धात परक्या विमानांनी टाकलेल्या बॉम्बांनीच आपला मुलगा खाल्ला, हे त्याने डॉक्टरांना सांगितलं होतं, पाद्रीबाबांना सांगितलं होतं आणि दारूच्या गुत्त्यात तर टेबलावर मुठी आपटून सांगितलं होतं. डॉक्टर खांदे उडवायचे. आज सरकारी माणूस त्याच्याच बाकावर बसून विष म्हणत होता. त्याने स्वतः घरात जाऊन स्क्रू-ड्रायव्हर आणला.

“लाव पाटी. पण कुणी कालवलं तेही लिही खाली.”

“कुणीच नाही, काका. ते खडकातच आहे. डोंगराच्या पोटातला धातूच म्हणा ना. पाणी झिरपतं, तसा तो त्यात उतरतो. त्याला वास नाही, चव नाही. बॉम्बच्या आधीपासून आहे, तुमच्या पणजोबांच्याही आधीपासून.”

“काहीतरीच! आम्ही दोघं रोज हेच पितो. आम्हाला काय धाड भरलीय?”

दुन्याने त्याच्या तळहातांकडे पाहिलं. त्यांवर मक्याच्या दाण्यांएवढे कठीण ठिपके उठले होते. तो त्यांना कुदळीचे घट्टे समजत असे.

“अगं, बॉम्ब पडले त्या वर्षी खालच्या धरणात विषारी धूळ पडलीय म्हणून गावभर हाकाटी झाली,” तो तावातावाने सांगू लागला. “चार दिवस घाबरले आणि परत नळाला तोंड लावून मोकळे झाले, गाढवं! मी नाही. मी घरातला नळच तोडून टाकला. मेंढ्या प्यायच्या त्या वरच्या झऱ्यापासून थेट घरापर्यंत पाइप टाकला, एकट्याने खणून. बोयान तेव्हा पहिलीत होता. त्याला बाहेरचा घोट म्हणून घेऊ दिला नाही. शाळेतसुद्धा बाटली बरोबर. पुढे बेलग्रेडच्या इस्पितळात होता, तिथेही मी कॅन भरभरून हेच…”

तो थांबला.

“बोल ना,” स्तानोयका म्हणाली. “थांबलास का? शाळेतल्या नळाला तोंड लावलं म्हणून त्याला चोपलं होतंस, तेही सांग.”

तिने पाहुणीसमोरचा ग्लास उचलला आणि गवतात रिकामा केला.

“आणि खालचं?” मिलिसावने विचारलं. “नळाचं?”

दुन्याला खोटं बोलता आलं असतं. “ते चांगलं आहे, काका. नेहमी तपासलं जातं. तेव्हाही चांगलंच होतं.”

“म्हणजे माझा बोयान…”

“एका माणसाबद्दल नाही सांगता येत. कुणालाच नाही येणार.”

हे खरं होतं, आणि त्याचा कुणालाही काडीचा उपयोग नव्हता. ती उठली आणि पाटी दगडावर टेकवून भोकं जुळवू लागली.

तेवढ्यात लाकडांनी भरलेला एक ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला. फोटोकडे पाहत त्याने टोपी काढली, पुटपुटला आणि ओंजळ धारेखाली धरली. मिलिसावने धावत जाऊन त्याचं मनगट पकडलं.

“पिऊ नकोस. विष आहे.”

पाणी बोटांतून सांडून गेलं. ड्रायव्हर पचकन थुंकला. “त्यांच्या बॉम्बचंच ना, काका? हरामखोर! पोरगा मारला, आता पाणीही सोडलं नाही.”

मिलिसावने नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. अख्ख्या खोऱ्याने मान डोलावली असती आणि म्हाताऱ्याचं उरलेलं आयुष्य त्यावर निभावलं असतं. दुन्या पाटीवरून नजर काढत नव्हती. स्तानोयका रिकामा ग्लास हातात धरून नवऱ्याकडे बघत होती.

“नाही रे,” मिलिसाव म्हणाला. “त्याला हे मी पाजलं.”