साडूचं पुस्तक चोरीला गेलं

माझ्या साडूच्या कादंबरीची पीडीएफ कुणीतरी मोबाइलवरच्या एका ग्रुपवर फुकट टाकली. तेव्हापासून हा माणूस सासुरवाडीला जेवायला बसला की ऊर बडवायला लागतो, "दरोडा आहे हो हा! अख्खं जग मला फुकटात वाचतंय!" चेहरा मात्र बक्षीस मिळाल्यासारखा. वर सासूबाई हळहळत आधी त्याच्याच ताटात वाढतात.

"एवढं लागलंय तर पोलिसांत जा ना," मी म्हटलं.

तर बायकोच सगळ्यांसमोर म्हणाली, "त्यांचं निदान कुणी चोरतं तरी. तुमच्या कादंबरीचे गठ्ठे आपल्या पलंगाखालून हलत नाहीत."

घरी येऊन खोटं नाव घेतलं, त्या चोरांच्या ग्रुपमध्ये शिरलो आणि माझ्या कादंबरीची पीडीएफ मीच तिथं टाकली. वर लिहिलं, "मोठ्या मुश्किलीनं चोरून आणलीय. खाली ठेववणार नाही."

चहा संपायच्या आत पीडीएफ गायब! मी तणतणत ॲडमिनला कारण विचारलं.



"साहेब, आम्ही चोर आहोत, रद्दीवाले नाही."