पाच नंबरचा फॉर्म

"हे नववं कलम काढा," रघुनाथराव म्हणाले.

अर्चना मॅडमनं कागद जवळ ओढला. सौंसरच्या परिसर प्रतिष्ठानच्या त्या सेक्रेटरी. लोकांनी दिलेली देणगी प्रतिष्ठान सांभाळायचं आणि देणाऱ्याच्या मनासारख्या कामाला लावायचं. आज रघुनाथरावांच्या शिष्यवृत्तीचे नियम ठरत होते.

"काका, देणगीदाराच्या नात्यातल्यांना लाभ नाही, हा नियम सगळीकडे असतो."

"असन. पण आमचं अर्धं बोरगाव भावकी हाय, अर्धं सोयरं. हे ठेवलं तर फारम कोण भरन, म्हशी?"

कलम गेलं.

शिष्यवृत्ती त्यांच्या आईच्या नावानं होती. लग्नापायी शाळा सुटलेल्या पाच बायकांना दहावी होईपर्यंतचा सगळा खर्च, वयाची अट नाही. ही कल्पना मुळात कोणाच्या तोंडून आली, ते रघुनाथरावांना आता आठवत नव्हतं. आपलीच असावी, असं ते धरून चालले होते.

मोहगावच्या भाऊरावांनी मागच्या साली स्मशानात शेड बांधून दिलं होतं. त्याच्या सावलीत बसायचं तर आधी घरातलं माणूस मरावं लागते, असं रघुनाथराव चार लोकांत सांगत. त्यांचं स्वतःचं दान जित्या माणसांसाठी होतं. पार पांढुर्ण्यापर्यंत बॅनर लागले: 'पाच भगिनींचा भव्य सत्कार'.

मुदत सरत आली तरी फॉर्म मात्र चारच.

"चार तर चार, काका," अर्चना मॅडम फोनवर म्हणाल्या.

"चार कसे? बॅनरवर पाच छापले ना. भाऊराव पहिल्या रांगेत बसून बोटं मोजन."

दुपारी जेवताना तेच डोक्यात. "बायकायलेच शिकायचं नाही, तं मी काय करू? आपली सूनबाई बी.ए. निघाली, नाहीतं तिचाच भरला असता."

वच्छलाबाईंनी नवऱ्याच्या ताटात भाकर वाढली. "घरी माहीत पडन म्हणून भेत असतीन बाया."

"कसं माहीत पडन? फारमवर नुसता नंबर असते. स्टेजवर पाकीट उघडेपर्यंत नाव फुटत नाही. मलेसुद्धा नाही सांगत."

"मंग येईन पाचवा. जेवा आता."

शेवटच्या दिवशी पाचवा फॉर्म आला. संध्याकाळी अर्चना मॅडमचा फोन. शाळा कशी सुटली ते प्रत्येकीनं फॉर्मसोबत लिहून द्यायचं होतं, आणि निवड समितीला पाचव्या नंबरचं लिखाण सगळ्यांत आवडलं होतं.

"काय लिहिलं तिनं?"

"नाव सांगता येत नाही, काका."

"नाव कोण मागून राहिलं? लिहिलं ते वाचा."

अर्चना मॅडमनं वाचलं. "मी नववी पास झाले तेव्हा लग्नाला दोन महिने झाले होते. गुरुजी निकाल घेऊन आमच्या घरी आले. पोरगी हुशार आहे, दहावीला बसू द्या म्हणाले. मालकांनी त्यांना अंगणातूनच वाटेला लावलं. निकालाच्या कागदात तंबाखू बांधली. राग नव्हता त्यांच्या मनात. त्यांना तो कागदच वाटला."

रघुनाथरावांना भरून आलं. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांनी डोळे पुसले.

"काय माणूस म्हणावा का कोण हा. जिता हाय?"

"आहेत."

"मंग त्याले बी बोलवा. सगळ्यायसमोर म्हणू द्या त्याले, उद्यापासून मी हिले शाळेत पोचवून देतो म्हणून."

"त्यांना राग आला तर?"

"माह्यासमोर? मी आहो ना तिथं."

"नक्की ना, काका? मग तसं पत्र द्या. मी कार्यक्रमपत्रिकेत छापून घेते."

"एक सोडून दोन घ्या."

पत्र दुसऱ्याच दिवशी सहीनिशी गेलं.

रविवारी सकाळी सौंसरचं मंगल कार्यालय गच्च भरलं. रघुनाथराव फेटा बांधून मधल्या खुर्चीत. भाऊराव पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. चार बायका एकेक करून आल्या. एक सावरगावची अंगणवाडी मदतनीस होती, तिच्या मुलीनं शिट्टी मारली. शाल, पुस्तकांचा संच, फोटो.

मग रघुनाथराव बोलायला उठले. त्या पाचव्या बाईच्या नवऱ्याला त्यांनी उभा-आडवा सोलून काढला. "निकालाच्या कागदात तंबाखू बांधली त्या माणसानं," ते म्हणाले, "अन् तो इथंच कुठंतरी बसून हाय. लाज असन तं आज पोरीबाळीसमोर कबूल करन." टाळ्या थांबेनात. भाऊरावांच्यासुद्धा हाताची घडी सुटली, तेही टाळ्या वाजवू लागले. रघुनाथरावांनी ते पाहिलं आणि समाधानानं खुर्चीत टेकले. भाऊरावांकडून टाळी घेणं पन्नास वर्षांत जमलं नव्हतं, ते आज जमलं होतं.

अर्चना मॅडमनं पाचवं पाकीट उघडलं.

"पाचवी शिष्यवृत्ती, बोरगाव. देणगीदारांच्या लेखी इच्छेप्रमाणे, लाभार्थी आणि त्यांचे यजमान, दोघांनीही स्टेजवर यावं."

बायकांच्या रांगेतून वच्छलाबाई उठल्या. पदर सारखा केला आणि एकट्याच पायऱ्यांकडे चालू लागल्या. यजमानांना यायचं काम नव्हतं. ते आधीपासूनच स्टेजवर, मधल्या खुर्चीत बसले होते.