नापास माल

अश्विनीनं सकाळी नापास करून बाजूला ठेवलेले मोटारसायकलच्या ब्रेकचे लिव्हर दुपारी टेम्पोत चढलेले दिसले, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. कारखाना तिच्या चुलत्यांचा, म्हणजे नानांचा; तपासणी तिची. माल भराभर निघावा म्हणून त्यांनी यंत्राचा वेग वाढवला होता. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात इतकं सुसाट शिरायचं, की हवा आतच कोंडायची. हातोडा घेऊन ती टेम्पोत चढली. पहिल्याच घावात लिव्हर मोडला. आत भोकंच भोकं. “अगं, चकचकीत माल हाय! आत कोण बघतंय?” नाना ओरडले. “माळशेज उतरताना ह्यो तुटला, तर माणसानं काय चकाकीला धरायचं?” तिनं दुसरा फोडला. नानांनी तिचं मनगट धरलं. “दत्ता, गाडी काढ!” ड्रायव्हर दत्ता उतरला, टेम्पोचा मागचा फाळका पाडून म्हणाला, “फोडा ताई. मीबी मोटारसायकलवरच घरी जातो.” नानांची पकड सुटली. अश्विनीनं तिसरा लिव्हर उचलला.