हिरव्या खोलीतले जावईबापू

"आई, दार बाहेरून लावलं का त्यांनी?"

"नुसतं लोटलंय. जावईबापू, हात सोडा. बोटं मोडतील माझी."

जावयाने हात सोडला नाही. छताच्या कडेने हिरवे दिवे लागले होते आणि त्या उजेडात शेजारच्या खुर्चीत सोबतीला बसलेल्या सासूबाई सोललेल्या काकडीसारख्या दिसत होत्या. आपण कसे दिसतोय, हे विचारायची त्याची छाती नव्हती.

एरवी तो क्रेन चालवायचा. दहाव्या मजल्याच्या उंचीवर लोंबकळत डबा खायचा. इथे मात्र तो सासूबाईंचा हात पकडून बसला होता.

डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. गोळी नाही, सुई नाही. नसांची जुनी आग या उजेडाने काहींची कमी होते, सगळ्यांची नाही. रोज तासभर, डोळे उघडे ठेवून बसायचं. "यानंही नाही गेली तर?" असं त्याने विचारल्यावर बाईंनी पुढच्या तारखा लिहायला घेतल्या होत्या.

"मी तीन बाळंतपणं काढली, हूं की चूं केलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही दिव्याला भिता!"

"दिव्याला नाही, आई."

"मग काय, मला?"

त्याने छताकडे बघितलं.

"पाणी पिऊन येते," म्हणत त्या उठल्या.

"नको! आई, जाऊ नका! पाया पडतो!" त्याचा आवाज चिरकला. कपाळावरून घाम ओघळला.

"अगं बाई!" त्या घाबरून परत बसल्या. "निदान डोळे तरी मिटू द्या मला."

"मिटू नका. तुम्ही डोळे मिटलेत की माझ्या छातीत धडधडतं."

"काय पाहिलं लेकीने तुमच्यात, देव जाणे." मग जरा हळू आवाजात, "फार आग होते का हो पायाची?"

"रात्री चादरसुद्धा सोसत नाही."

"हं," सासूबाई म्हणाल्या. "तसंच होतं ते." आणि आता त्यांनीच त्याचा हात घट्ट धरला.

तास संपला. "तोंड पुसून या, लोक बघतील," असं बजावून त्या पुढे गेल्या.

डॉक्टरीणबाई आत आल्या. "काय म्हणतोय आपला पेशंट?"

जावयाने दाराकडे बघून आवाज खाली आणला. "आज पाण्याच्या निमित्ताने निसटतच होत्या. दुखणं माझंच आहे असं समजतात, संशय नाही आला अजून. पण बाई, काल घरात मला मारायला धावल्या. आगीने पाऊल टेकवत नव्हत्या, त्या चक्क धावल्या!"