झोडपलेल्या कादंबरीचे पेढे

कादंबरीवर एका तासात छत्तीस हजार परीक्षणं आली होती. सगळी यंत्रांनी लिहिलेली आणि सगळी गोड. वाचकही यंत्राकडून सारांश ऐकून 'छान आहे' म्हणत होते. तरी कादंबरीचा लेखक शैलेंद्र ओगले तोंड पाडून मालिनीबाईंकडे आला.

"बाई, तुम्ही तरी वाचा. हवं तर झोडपा."

चाळीस वर्षं परीक्षणं लिहिलेल्या मालिनीबाईंना यंत्रं आल्यापासून कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी लाल पेन्सिल शोधून काढली आणि आठवड्याने त्याला बोलावलं.

"पहिली शंभर पानं नुसती नटवली आहेस. सकाळी बाप गेला आणि संध्याकाळी तुझा नायक पडद्याचं कापड निवडतो? तिथे मी पुस्तक मिटलं, चहा केला आणि तुझ्यावर चिडले."

"खरंच चिडलात?"

"मग काय! आणि छापताना एक शब्दही मऊ करणार नाही."

रविवारच्या पुरवणीत परीक्षण आलं. दुपारी शैलेंद्र पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभा.

"अरे, मी तुझं पुस्तक पार सोलून काढलं. पेढे कसले?"

"आई म्हणाली, चार वर्षं लिहिलेलं शेवटी एका माणसाने वाचलं. पेढे नकोत का वाटायला?"